सगळे म्यूट, एकच अनम्यूट

सोमवार सकाळ, दहाचा कॉल. स्क्रीनवर चौदा चौकटी आणि चौदाही माइक चालू. एकाच्या घरी कुकरची शिट्टी, दुसरीचं बाळ रडतंय, तिसरा गाडी चालवता चालवता बोलतोय आणि उरलेले अकरा जण एका सुरात विचारतायत, 'माझा आवाज येतोय का?' येतोय ना, सगळ्यांचाच येतोय, म्हणून तर कुणाचाच कळत नाहीये! शेवटी आमचा बॉस ओरडला, "सगळे म्यूट व्हा. मी नाव घेईन त्यानंच अनम्यूट करायचं." पुढच्या वीस मिनिटांत सगळा हिशोब कागदावर.

मंडळी, साधारण याच फंड्यावर २०१४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय. हसू नका, खरंच. फक्त तिथे चौकटींच्या जागी रेणू होते आणि बॉसच्या जागी लेझर. आणि मला हा फंडा ऑफिसात नाही, वर्ध्याला आत्याच्या गच्चीवर कळला. गोष्ट थोडी विज्ञानाची आहे, थोडी दिवाळीची आणि थोडी माझ्या डाव्या हाताची.

फुल स्लीव्ह्जचं गुपित

हाताचंच आधी सांगते. गेल्या वर्षी मे महिन्यात डाव्या कोपराच्या वर एक फिकट चट्टा दिसला. रुपयाच्या नाण्याएवढा. दुखत नाही, खाजत नाही. रात्री एक वाजता आपण सगळे जे करतो तेच मी केलं, फोनवर शोधलं. चौथ्या-पाचव्या ओळीत तो शब्द आला. कुष्ठरोग. मी फोन उलटा ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून फुल स्लीव्ह्ज घालायला लागले. पुण्याच्या मे महिन्यात! कुणी विचारलंच तर 'टॅनिंग होतं गं' हे उत्तर तयार.

गंमत म्हणजे मी वर्ध्याची. आमच्याकडे ३० जानेवारी म्हणजे बापूंची पुण्यतिथी आणि त्याच दिवशी कुष्ठरोग निवारण दिन. शाळेत असताना मी या विषयावर निबंध लिहिलेत. 'कुष्ठरोग हा पूर्ण बरा होणारा आजार आहे' हे वाक्य मी सुवाच्य अक्षरात इतक्यांदा लिहिलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. पण स्वतःच्या हातावर चट्टा आला आणि सहा महिने मी म्यूट.

दिवाळीत गरीबरथनं घरी गेले. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गच्चीवर पणत्या लावताना बाही वातीला लागेल म्हणून नकळत वर सरकवली. आत्या शेजारीच होती. आत्यानं उभी हयात एका प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला डोळा लावून काढली. आता निवृत्त झालीय, मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, पण नजर मात्र सुटत नाही.

"हे काय वं? काऊन लपवून राहिली?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आत्यानं काही विचारलं नाही. वातीच्या कापसातून एक बारीक तंतू ओढला, टोकाला पीळ दिला आणि म्हणाली, "डोळे मीट. जिथं लागलं तिथं बोट ठेव." ती कधी चट्ट्यावर टेकवायची, कधी चट्ट्याबाहेर. मी बोट ठेवत गेले. दहा-बारा वेळा झालं, आणि मी एकदाही चुकले नाही.

"स्पर्श तर कळून राहिला तुले," ती म्हणाली. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बहुतेकदा हा हलका स्पर्शच हरवतो, कारण त्या जंतूंचा राग असतो नसांवर. "पण मी काही डॉक्टर नाही. दवाखाना उघडला की दाखवून घे." दवाखाना उघडायला दोन दिवस होते. या दोन दिवसांत माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा. चकलीसुद्धा गोड लागत नव्हती!

बापू आणि भिंग

टेन्शन घालवायला आत्यानं मला स्कूटीवर मागे बसवलं (हो, ती चालवते, मी मागे) आणि सेवाग्रामला नेलं. शहरापासून सात-आठ किलोमीटर. १९३६ मध्ये गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं, १९४० मध्ये ते सेवाग्राम झालं. बापूंच्या कुटीपासून थोड्या अंतरावर परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री, येरवड्याच्या तुरुंगात बापूंचे सोबती. कुष्ठरोग झाल्यावर ते आश्रमात आले, तेव्हा बापूंनी त्यांना जवळ ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांचं मालिश केलं. तो फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

पण मला त्याहून आवडतो तो दुसरा फोटो. तोही सेवाग्रामचा, १९४० चा. त्यात बापू वाकून मायक्रोस्कोपमध्ये बघतायत. भिंगाखाली आहेत कुष्ठरोगाचे जंतू. ज्या रोगाचं नाव घ्यायला लोक घाबरायचे, त्याच्या जंतूला हा माणूस सरळ डोळा लावून बघतोय. त्या दिवशी तो फोटो आठवला आणि मला माझ्या फुल स्लीव्ह्जची जरा लाजच वाटली.

"त्यांना काय दिसलं असेल गं?" मी विचारलं.

"काड्या," आत्या म्हणाली. "गुलाबी काड्या."

मग तिनं तिचं जुनं काम सांगितलं. कानाच्या पाळीला बारीकसा छेद द्यायचा, आतला रस काचपट्टीवर पसरायचा, कार्बोल फुक्सिननं रंगवायचा, तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली धरायचा आणि मोजायचं. जंतू नसतील तर शून्य, असतील तर एक प्लसपासून सहा प्लसपर्यंत. औषध सुरू झालं की अख्ख्या काड्या तुटक्या, ठिपकेदार दिसायला लागतात. तुटकी म्हणजे मेलेली.

"पण तो बाहेरून बांधलेला अंदाज. त्या काडीच्या आत काय चालू असते, ते मात्र सगळ्या नोकरीत एकदाबी नाही दिसलं. आत काय असते वं?"

घ्या! विचारायला गेले मी आणि प्रश्न पडला माझ्यावरच.

१८७३ चा योगायोग

वाचायला बसले तर पहिला धक्का एका सालाचा. १८७३. त्या वर्षी नॉर्वेमध्ये गेरहार्ड हान्सेन या डॉक्टरनं रुग्णांच्या गाठींमध्ये त्या काड्या पहिल्यांदा पाहिल्या. आणि त्याच वर्षी जर्मनीत एर्न्स्ट अॅबे या शास्त्रज्ञानं मायक्रोस्कोपला एक लक्ष्मणरेषा आखून दिली. प्रकाश ही लाट आहे, म्हणून कितीही भारी भिंग घ्या, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसणारच नाहीत. हिशोब केला तर ही रेषा येते सुमारे २०० नॅनोमीटरवर. एक मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

आता गंमत बघा. कुष्ठरोगाचा जंतू एक ते आठ मायक्रॉन लांब, पण त्याची जाडी जेमतेम २०० ते ५०० नॅनोमीटर. म्हणजे हा पठ्ठ्या अगदी लक्ष्मणरेषेच्या उंबऱ्यावर उभा! काडी आहे एवढं दिसणार, आतलं काही नाही. बरं, याला प्रयोगशाळेच्या बशीत वाढवावं म्हटलं तर तेही अजून कुणाला जमलेलं नाही. उंदराच्या पावलात नाही तर आर्माडिलो नावाच्या खवल्यांच्या प्राण्यात वाढवावा लागतो, आणि तिथेही एकाचे दोन व्हायला जवळजवळ दोन आठवडे घेतो. आमच्या सरकारी फायली यापेक्षा बऱ्या!

शंभरेक वर्षं लोक भिंगं घासत राहिले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला, त्यात बारीक दिसायला लागलं, पण त्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो, जिवंत पेशीचं काम तिथे संपलं. आणि एवढ्या गर्दीतून हवं ते एकच प्रथिन रंगानं वेगळं उठून दिसावं, ही सोय प्रकाशाच्या मायक्रोस्कोपचीच. मग तोडगा कुठे निघाला? भिंगात नाही. रंगात.

आत्याचा चष्मा

ते आत्याला कसं सांगावं हा प्रश्न होता. भाऊबीजेच्या रात्री पुन्हा गच्चीवर गेलो. समोरच्या बाल्कनीत दिव्यांची माळ लखलखत होती. मी म्हटलं, "आत्या, चष्मा काढ. काय दिसतंय?"

"पिवळा ढग."

"किती दिवे आहेत?"

"आता ढगातले दिवे कसे मोजू?"

"समज, सगळे दिवे बंद केले आणि एकच लावला. मग?"

तिनं क्षणभर विचार केला. "एक गोल डाग दिसंल. पसरट. पण दिवा त्याच्या मधोमध असंल, एवढं तर सांगता येईल ना."

बास. नोबेलचा फंडा एवढाच आहे. त्या डागाच्या मध्यावर खिडकीच्या काचेवर स्केचपेननं एक टिंब काढा. तो दिवा विझवा, दुसरा लावा, पुन्हा टिंब. असे सगळे दिवे संपले की काचेवर टिंबाटिंबांनी आख्खी माळ उमटते, चष्म्याशिवाय! डोळा तोच, धूसरपणा तोच. बदललं एवढंच की सगळे एकदम बोलले नाहीत.

मायक्रोस्कोपखाली दिव्यांच्या जागी असतात चमकणाऱ्या रंगाचे रेणू. सगळे आधी विझलेले. मग अगदी मंद जांभळ्या प्रकाशाची एक झलक द्यायची, इतकी कमी की लाखांतले मोजकेच रेणू जागे होतील आणि तेही एकमेकांपासून लांब लांब. दुसऱ्या लेझरनं ते चमकतात, कॅमेरा फोटो घेतो, कॉम्प्युटर प्रत्येक डागाचा मध्य काढतो आणि रेणू विझून जातात. मग पुढची झलक, पुढची बॅच. असे हजारो फोटो एकावर एक रचले की २० नॅनोमीटरच्या आसपासचं बारीक चित्र तयार. लक्ष्मणरेषेच्या दहापट आत!

बेकार मित्रांचा हॉल

ही आयडिया कुणाची? इथे तुमच्या-माझ्यासारख्या नोकरदारांना आवडेल अशी एक कहाणी आहे. एरिक बेट्झिग नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ नामांकित बेल लॅब्जमध्ये होता. कंटाळला आणि नोकरी सोडली. १९९५ मध्ये त्यानं कागदावर ही कल्पना मांडली, की रेणू एकेक करून ओळखता आले तर रेषा ओलांडता येईल. पण एकेक करून लावता येईल असा दिवाच नव्हता. तो वडिलांच्या मशीन बनवायच्या कंपनीत गेला, तिथेही धंदा काही जमला नाही. पुन्हा बेकार.

मधल्या काळात दिव्याचं बटण मात्र सापडत होतं. १९९७ मध्ये डब्ल्यू. ई. मोअर्नर यांना दिसलं, की जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाचा एक बदललेला प्रकार प्रकाशानं पुन्हा जागा करता येतो. २००२ मध्ये जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी प्रकाश पडल्यावरच चमकणारं प्रथिन मुद्दाम तयार केलं. बेट्झिगला हे कळलं तेव्हा तो आणि त्याचा मित्र हॅरल्ड हेस दोघंही नोकरीविना. त्यांनी मायक्रोस्कोप कुठे बांधला असेल? हेसच्या घरातल्या हॉलमध्ये! २००६ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये शाओवेई झुआंग यांनी प्रथिनाऐवजी रासायनिक रंग वापरून असंच करून दाखवलं. २०१४ मध्ये बेट्झिग, मोअर्नर आणि वेगळ्या वाटेनं तीच रेषा ओलांडणारे श्टेफान हेल यांना नोबेल मिळालं. तेव्हा पुढच्या वेळी आई म्हणाली, 'हॉलमध्ये पसारा नको', तर हे उदाहरण द्या.

म्हातारीच्या केसांची चुलत बहीण

आता थोडं रंगाबद्दल, कारण खरी हिरॉइन तीच. जत्रेत मिळणारे गुलाबी म्हातारीचे केस आठवतात? त्यात बेकायदा मिसळलेला ऱ्होडामाइन-बी रंग सापडला म्हणून २०२४ मध्ये तमिळनाडूनं आणि पुदुच्चेरीनं ती मिठाई बंद केली. कपडे रंगवायचा हा रंग पोटात जाता कामा नये. पण याच ऱ्होडामाइनच्या घराण्यातल्या रंगांनी सूक्ष्मदर्शनात क्रांती केली.

या रेणूची एक खुबी आहे. त्याच्यात एक कडी असते. कडी लागलेली असेल तर रेणू बिनरंगाचा, गप्प. कडी उघडली की झगझगीत. रसायनशास्त्रज्ञांनी ती कडी पक्की बंद करून टाकली, अशी की फक्त जांभळ्या प्रकाशानंच सुटावी. अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लॅव्हिस यांच्या गटानं २०१५ मध्ये ऱ्होडामाइनच्या रेणूला चार अणूंची छोटीशी कडं जोडून तो जास्त तेजस्वी केला आणि २०१६ मध्ये त्याची प्रकाशानं जागी होणारी आवृत्ती काढली. प्रकाश पडला की नायट्रोजन निसटतो, कडी सुटते, दिवा लागतो.

जास्त तेज कशाला हवं? कारण डागाचा मध्य किती अचूक काढता येईल, हे त्या रेणूनं विझण्याआधी किती प्रकाशकण दिले यावर ठरतं. चौपट कण, तर दुप्पट अचूकता. जेलीफिशची प्रथिनं गुणी, पण आवाज बारीक. हे रंग एकदा अनम्यूट झाले की मोकळेपणानं बोलतात. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे लॅव्हिस यांच्या गटानं आपल्या रंगांच्या नळ्या जगभरातल्या प्रयोगशाळांना फुकट पाठवल्या.

मग आत्याच्या प्रश्नाचं काय? जंतूच्या आत काय असतं? आपल्या पोटातल्या ई. कोलाय या जंतूच्या बाबतीत २०१० मध्ये याच पद्धतीनं दिसलं, की दुभंगण्याआधी त्याच्या मधोमध एका प्रथिनाची अंगठी तयार होते, आणि ती एकसंध कडं नसून तुकड्यातुकड्यांची सैल जुडी असते. साध्या मायक्रोस्कोपला तिथे नुसता एक पट्टा दिसायचा. आत्याला मी फोनवर चित्र दाखवलं. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे रिकामी नव्हती काडी," एवढंच म्हणाली.

पण लगेच पुढचा प्रश्न. "ही मशीन आपल्या दवाखान्यात येईल का?" नाही गं आत्या. ती महाग आहे, नाजूक आहे, तिला हजारो फोटो लागतात. ती संशोधनासाठी. चट्टा ओळखायला अजूनही लागतो तो कापसाचा तंतू आणि तुझ्यासारखा हात.

बाही वर

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी चट्टा तपासला, नसा चाचपल्या, थोडी साल खरवडून काचपट्टीवर घेतली आणि, हो, मायक्रोस्कोपखाली धरली. निकाल? शिबं. साधी बुरशी. लावायचं एक मलम. सहा महिन्यांचं टेन्शन सहा मिनिटांत खलास.

बाहेर बाकावर माझ्याच वयाचा एक मुलगा बसला होता. गळ्यात कंपनीचं आयकार्ड, अंगात फुल स्लीव्ह्जचा शर्ट. मी हसत बाहेर आले म्हणून त्यानं विचारलं, 'काही नाही ना?' मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, 'माझं आहे.' आणि मग थोडं थांबून, 'ऑफिसात सांगू का नको?'

मला उत्तर सुचलं नाही. बाकावर त्याच्या शेजारी बसले आणि निबंधातली माहितीच सांगितली, ती त्यालाही माहीत होती. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर. औषध सुरू झालं की लवकरच त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. ही बहुऔषधी पद्धत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली, त्यातला एक आपला वर्धा. २००५ मध्ये देशानं जाहीर केलं, की दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण उरलेत. तरीही आजवर दर वर्षी लाखभर नवे रुग्ण आपल्याकडेच सापडत आलेत, जगातले निम्म्याहून जास्त. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते काढायला २०१९ उजाडावं लागलं. औषध कधीचं पोचलं, माणसं अजून पोचायचीत.

तो म्हणाला, 'आईला तरी आज सांगतो.' एवढं पुरे होतं. एकदम सगळ्या जगाला कशाला सांगायचं? एकानं एकाला सांगायचं. मग दुसऱ्यानं तिसऱ्याला.

परत येताना गोरसपाकाचे चार डबे घेतले. आता ऑफिसात हाफ स्लीव्ह्ज घालते. चट्टा अजून पुसट दिसतो, शिबं गेल्यावरही रंग यायला वेळ लागतो म्हणे. कुणी विचारलं तर सगळी गोष्ट सांगते, पार आत्याच्या कापसापर्यंत. आणि गंमत म्हणजे ऐकून झालं की निदान एक जण तरी हळूच बाही वर करतो आणि म्हणतो, "ए, हे जरा बघ ना."

मी बघत नाही. दवाखान्यात पाठवते. तुमच्याही बाहीखाली काही असेल, तर या आठवड्यात जाऊन या. गोरसपाक माझ्याकडून. भेटू पुढच्या शुक्रवारी!